बोट लागते त्याची श्रद्धा

ऊन लागते, तहान लागते, गाडी लागते आणि बोट लागते. या सर्व प्रयोगांत माणूस कर्ता नसतो. ‘मला बोट लागली’ असे आपण म्हणतो तेव्हा व्याकरणाच्या दृष्टीने कर्तेपण बोटीकडे असते. माणूस केवळ सोसणारा असतो. दोष जेथे ठेवायचा तेथे भाषेने तो अचूक ठेवला आहे. ती भाषा बोलणारे आपण मात्र इतके न्यायी नसतो. बोटीच्या कठड्याला धरून ओकाऱ्या काढणाऱ्या सहप्रवाशाकडे आपण थोड्या करुणेने आणि पुष्कळशा गमतीने पाहतो. आपल्याला काही झाले नाही, याचा एक सूक्ष्म अभिमानही मनात उमटून जातो. हा अभिमान योग्य आहे काय, एवढाच प्रश्न येथे विचारावयाचा आहे. प्रश्न लहान दिसतो, परंतु तो बोटीपुरता राहत नाही.

पुणेकरांना समुद्र दूरचा; सह्याद्री उतरल्यावाचून तो भेटत नाही. तरीही हा अनुभव आपल्या कुटुंबांना अपरिचित नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून कोकणची बंदरे घेत पणजीला जाणाऱ्या आगबोटींची सेवा बंद पडून आता पुष्कळ वर्षे लोटली. पण त्या प्रवासाच्या, डेकवर अंथरलेल्या चटयांच्या आणि उशाशी ठेवलेल्या लिंबाच्या आठवणी घराघरांतील वडीलधाऱ्यांकडे आहेत. २०१८ साली ‘आंग्रिया’ ही प्रवासी नौका मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली आणि मुंबई बंदरातून मोठ्या क्रूझ जहाजांच्या सहलीही निघू लागल्या. लग्नाचा रौप्यमहोत्सव समुद्रावर साजरा करण्याची हौसही आपल्याकडे आली. समुद्र सोडला तरी घाट आहेतच. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन झाले. अशा यात्रेची बस घाटाची वळणे उतरू लागली की जपमाळ म्हणता म्हणता कोणीतरी खिडकीशी सरकतो, आणि मागच्या बाकावर हसू पिकते.

बोट का लागते, हे आता बरेचसे समजले आहे. आपल्या कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या शेजारी सूक्ष्म खडे असलेल्या दोन पिशव्या असतात. शरीर वळले, कलले, वर-खाली झाले की ही यंत्रणा मेंदूला वर्दी देते. बंद खोलीत बसलेल्या प्रवाशाचा डोळा सांगतो की भिंती स्थिर आहेत, काहीही हललेले नाही. कान सांगतो की सर्व काही हलते आहे. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत, आणि या विसंगतीचे पर्यवसान घाम, मळमळ आणि ओकारी यांत होते. म्हणून त्यावरचे उपायही ही विसंगती कमी करणारे आहेत. मोकळ्या हवेत यावे, दूरच्या क्षितिजाकडे पाहावे, वाचन टाळावे, जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर बसावे, कारण हेलकावा तेथे सर्वांत कमी असतो. पोट तुडुंब भरू नये, तसेच अगदी रिकामेही ठेवू नये. आल्याचा तुकडा पुष्कळांना आराम देतो. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घ्यावयाची तर प्रवासापूर्वीच घ्यावी; ओकाऱ्या सुरू झाल्यावर ती पोटात ठरत नाही. बहुतेकांचे शरीर दोन-तीन दिवसांत समुद्राला सरावते. काहींचे मात्र कधीच सरावत नाही.

येथेच आपला नैतिक प्रश्न उभा राहतो. ज्याला बोट लागत नाही त्याने असे कोणते पुण्य केलेले असते? अमेरिकन विचारवंत विल्यम जेम्स यांनी १८८२ साली मूकबधिर व्यक्तींच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील अनेकांना गरगर फिरवूनही भोवळ येत नव्हती. ज्यांच्या कानातील तोलाची यंत्रणा पूर्णपणे निकामी झालेली असते त्यांना बोटही लागत नाही, हे पुढील काळातील प्रयोगांनी दाखवून दिले. म्हणजे समुद्रावर सर्वांत अविचल राहणारा मनुष्य हा सर्वांत धीराचा असतो असे नाही. कधी कधी त्याच्या ठायी काहीतरी कमी असते, इतकेच. उलट इंग्लंडच्या आरमाराचा सेनापती नेल्सन याला समुद्र खवळला की आयुष्यभर त्रास होत असे. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ अशी जवळजवळ पाच वर्षे ‘बीगल’ जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणा करीत होता, आणि समुद्रावरील या पीडेने त्याला अखेरपर्यंत सोडले नाही. या दोघांना कोणी दुबळे म्हणणार नाही.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण संत फ्रान्सिस झेवियर यांचे आहे. पुण्याच्या लष्कर भागात त्यांच्या नावाचे मंदिर आहे आणि आपल्यापैकी कित्येकांच्या घरी त्यांच्या नावाचा एक तरी मुलगा आहे. ७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, ते लिस्बनहून ‘सांतियागो’ जहाजाने निघाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचले. तेरा महिन्यांच्या या काळातील कित्येक महिने मोझांबिकमध्ये मोसमी वाऱ्यांची वाट पाहण्यात गेले. तेथून १ जानेवारी १५४२ रोजी रोमला लिहिलेल्या पत्रात त्यांनी साधेपणाने नमूद केले आहे की दोन महिने आपल्याला बोट लागली होती. त्या वाक्यात लाज नाही आणि बढाईही नाही. याच प्रवासात त्यांनी जहाजावरील आजाऱ्यांची शुश्रूषा केली. पुढे ते मलाक्का, मोलुक्का बेटे, जपान असे पुन्हा पुन्हा जहाजावर चढत राहिले. त्यांचे पोट ढवळले यावरून त्यांची श्रद्धा डळमळीत होती, असे अनुमान काढण्याचे धाडस कोण करील?

समुद्रावर जे अनुमान आपण काढणार नाही ते जमिनीवर मात्र सर्रास काढतो. एखाद्या घरातील कर्त्या पुरुषाची नोकरी जाते आणि तो महिनोन्‌महिने बोलेनासा होतो. बाळंतपणानंतर एखादी सून कारणावाचून रडत बसते. पतीच्या दफनविधीनंतर एक विधवा महिन्याभरात सावरते, दुसरी वर्ष लोटले तरी मिस्साला येत नाही. अशा वेळी मंदिराच्या आवारात हलक्या आवाजात एक वाक्य ऐकू येते: ‘श्रद्धा पक्की असती तर असे झाले नसते.’ बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याच्या स्वतःच्या आयुष्यातही वादळे आलेली असतात आणि तो उभा राहिलेला असतो. परंतु आपण उभे राहिलो ते श्रद्धेमुळे किती आणि घडणीमुळे किती, याचा हिशेब त्याने कधी मांडलेला नसतो. जन्मतः लाभलेला थंड स्वभाव, पाठीशी उभी असलेली भावंडे, बँकेतील चार पैसे, यांतील काहीच त्याने पुण्याईने मिळविलेले नसते. जे कृपेने मिळाले त्याचे श्रेय आपण आपल्या खात्यावर लिहितो आणि ज्याला ते मिळाले नाही त्याच्या नावावर दोष मांडतो. हा हिशेब खोटा आहे.

यावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो वजनदार आहे. सारेच घडणीचे असेल तर धैर्य नावाच्या सद्‌गुणाला काही अर्थ उरतो काय? मनुष्याने प्रयत्न करावयाचाच नाही काय? करावयाचा आहे. किंबहुना झेवियर यांचे उदाहरण नेमके हेच शिकवते. त्यांच्या हाती मळमळ थांबविणे नव्हते, पण शेजारच्या आजाऱ्याच्या ओठी पाणी लावणे होते. ते त्यांनी केले. सद्‌गुणाची परीक्षा हाती असलेल्या गोष्टींत होते, हाती नसलेल्या गोष्टींत नव्हे. बोट लागणाऱ्याने कोंदट खोलीत पडून न राहता डेकवर यावे, गोळी घ्यावी, क्षितिज पाहावे. हे त्याचे कर्तव्य आहे. मनाने खचलेल्यानेही डॉक्टरकडे जावे, माणसांत यावे. प्रवासात गोळी घेणाऱ्याला आपण अविश्वासी म्हणत नाही. मग मनाच्या आजारावर औषध घेणाऱ्याला तसे का म्हणावे?

पवित्र शास्त्रातील समुद्रप्रवासांकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात दोनशे शहात्तर माणसे वादळात सापडली आहेत आणि चौदा दिवस त्यांनी धड अन्न घेतलेले नाही. संत पौल त्यांना धीर देतो, आणि त्या धीराचा शेवट एका अगदी साध्या आग्रहात होतो: काहीतरी खाऊन घ्या. मग तो स्वतः भाकर घेतो, देवाचे आभार मानतो, ती मोडतो आणि सर्वांसमक्ष खाऊ लागतो. ते पाहून इतरही खातात. संत मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू येशू आधी वारा शांत करतो आणि नंतर शिष्यांना त्यांच्या भीतीबद्दल विचारतो. संत मत्तयच्या वृत्तांतात हा क्रम उलटा आहे. परंतु तेथेही शिष्यांची कानउघाडणी करून त्यांना वादळात तसेच सोडून दिलेले नाही. आपण मात्र अनेकदा कानउघाडणी करतो आणि आपल्या वाटेने घरी जातो.

मंदिराच्या ज्या मध्यभागात आपण उपासनेसाठी बसतो, त्याला युरोपातील अनेक भाषांत ‘नाविस’ या लॅटिन शब्दावरून आलेले नाव आहे. नाविस म्हणजे जहाज. जहाजावर सर्वांत कमी हलणारी जागा मध्यावर असते, आणि ज्याला बोट लागते त्याला तेथे बसवावे, हा साधा नियम आहे. आपल्या मंदिरांत सामान्यतः याच्या उलट घडते. स्थिरावलेली कुटुंबे पुढच्या, मधल्या बाकांवर बसतात, आणि ज्यांचे आयुष्य हेलकावे खात आहे ते मागे दाराशी उभे राहतात, मिस्सा संपता संपता कोणाशी न बोलता निघून जातात. ज्याचे पाय ठरतात त्याला उठून जागा करून देता येते. तेवढे त्याने करावे. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या श्रद्धेविषयी काही विचारण्यापूर्वी, तो जेवला आहे काय आणि रात्री त्याला झोप लागते काय, एवढे विचारावे.