सणाचे मिष्टान्न आणि रसनाजय

श्रावण वद्य अष्टमीस श्रीकृष्णजयंती, त्यानंतर थोड्याच दिवसांनी भाद्रपद शुद्ध द्वितीयेस सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचा अवतारदिन, पुढे दिवाळी आणि मार्गशीर्षात श्रीदत्तात्रेयप्रभूंची जयंती. या काळात आश्रमोआश्रमी आणि घरोघरी पंचावतार उपहार होतात. पुरणपोळी, बासुंदी, लाडू, करंज्या यांनी ताटे भरतात. हा आनंद निषिद्ध नाही. परंतु उपहार परमेश्वरासाठी होतो की आपल्या जिभेसाठी, हा प्रश्न त्याच ताटापाशी उभा राहतो.

अतिभोजनाचे समर्थन बहुधा धर्माच्या नावाने केले जाते. “प्रसादाला नाही म्हणू नये” असे म्हणत यजमान चौथा लाडू वाढतो आणि दोष लागेल या भीतीने पाहुणा तो खातो. येथे शब्दाचा विवेक हवा. स्थान, प्रसाद, भिक्षुक व वासनिक ही आपल्या पंथाची चार साधने. त्यांतील प्रसाद म्हणजे परमेश्वरावतारांच्या संबंधाने पावन झालेली वस्तू. तिला वंदन करावयाचे असते. उपहाराच्या अन्नासही आपण आदराने प्रसाद म्हणतो, ते योग्यच आहे. पण आदर एका घासानेही पूर्ण होतो. घास वाढवल्याने श्रद्धा वाढत नाही, पोट मात्र वाढते.

दुसरा आक्षेप असा की, ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंनी भक्तांच्या घरी नाना पदार्थ आरोगिले, मग आम्हांसच मर्यादा का? याचे उत्तर स्पष्ट आहे. अवताराची लीळा जीवाने स्मरावी आणि आचार मात्र निरूपिलेल्या वचनाप्रमाणे करावा. श्रीप्रभूंची आरोगणा भक्तांना सुख देण्यासाठी होती. ज्यांना समाजाने दूर लोटले, त्यांच्या घरीही ते गेले आणि जेवले. त्या लीळेतून काही घ्यावयाचेच असेल, तर देणाऱ्याचा भाव ओळखणे घ्यावे. पक्वान्नांची मोजणी त्यातून निघत नाही.

एकादश स्कंधातील अवधूताचा यदुराजाशी झालेला संवाद सर्वांस परिचित आहे. त्याच स्कंधावर भास्करभट्ट बोरीकरांनी रचलेली उद्धवगीता साती ग्रंथांत गणली जाते. अवधूताने मासा गुरू केला, कारण गळाच्या टोकावरील आमिषाच्या चवीने त्याचा प्राण जातो. तेथील विचार मोठा सूक्ष्म आहे. अन्न सोडले की इतर इंद्रिये लवकर शिथिल होतात, पण जीभ उलट अधिक बळावते. म्हणून केवळ उपाशी राहणे हा रसनाजय नव्हे. सकाळी काही खायचे नाही आणि संध्याकाळी पंगतीत दुप्पट भरायचे, हा जिभेचाच डाव आहे. भगवंतांनीही गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, दोघांनाही योगापासून दूर ठेवले आहे. मध्यम मार्ग अवधूताच्या भ्रमराकडून शिकावा. तो फुलाफुलातून थोडे थोडे घेतो आणि फूलही दुखावत नाही. भिक्षुकाची झोळी याच न्यायाने चालते. दारोदारचे अन्न तिच्यात एकत्र येते आणि चवीचा अभिमान तेथेच गळतो.

आज या विचाराला शरीरशास्त्राचीही जोड मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवले की, आहारात वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी. सामान्य प्रौढाच्या दोन हजार कॅलरींच्या आहारात ही मर्यादा सुमारे ५० ग्रॅम, म्हणजे साधारण बारा चमचे होते. गूळही बव्हंशी साखरच असल्याने त्याला यातून सूट नाही. आयसीएमआर-इंडियाब या पाहणीच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. म्हणजे आपल्या प्रत्येक मोठ्या पंगतीत असा कोणी ना कोणी बसलेला असतो. कित्येकदा तो वृद्ध महंत किंवा तपस्विनी असते आणि संकोचाने काही बोलत नाही. अशा पात्रावर आग्रहाने वाढलेली जिलेबी सेवा ठरत नाही. ज्या देहाने स्मरण करावयाचे, त्याच देहास ती पीडा देते. नरदेह दुर्लभ आहे असे आपण निरूपणात सांगतो. पंगतीत त्याचा विसर पडू नये.

म्हणून वासनिकांनी उपहारात गोडाचे एकच पक्वान्न करावे, ते लहान वाटीत वाढावे आणि पुन्हा वाढण्यापूर्वी विचारावे. पाहुण्याने हात आडवा केला की तेथेच थांबावे. औषध घेणाऱ्यांचे जेवण वेळेवर वाढावे, कारण मधुमेहाच्या काही औषधांवर असताना उपाशी राहणेही घातक ठरते. उरलेले अन्न दुसऱ्यांच्या मुखी जावे. जेवणाऱ्याने आरंभीच थोडे मागून घ्यावे, म्हणजे पानात टाकण्याचा दोष लागत नाही. नकार देताना यजमानाच्या श्रमाचा मान राखावा, आपल्या संयमाचे प्रदर्शन करू नये. संयमाचा अभिमान हीदेखील एक गोडी आहे आणि ती साखरेहून लवकर अंगी लागते.

भिक्षुकांची जबाबदारी अधिक आहे, कारण वासनिक आपल्या पात्राकडे पाहून शिकतो. जेवणानंतर सुस्ती येऊन संध्याकाळचे स्मरण चुकले, तर तो उपहार कोणास अर्पण झाला, हे ज्याचे त्याने तपासावे. पोटात थोडी जागा उरली, तर नामालाही जागा उरते.