अरूपाचे रूप

वैशेषिकांनी वायूला स्पर्श दिला, पण रूप नाकारले. आणि त्यामुळेच, वायू स्पर्शावरून केवळ अनुमानाने कळतो की त्वचेला साक्षात् प्रत्यक्ष होतो, या प्रश्नावर प्राचीन आणि नव्य नैयायिकांत दीर्घकाळ मतभेद राहिला. संगणकाच्या ‘आर’ भाषेत वाऱ्याच्या नोंदींचे ध्रुवीय आलेख काढू लागलो, तेव्हा या वादाचे मर्म मला नव्याने उमगले.

‘विंड रोझ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या आलेखात उत्तर शिरोभागी असते. 360 अंशांचे बहुधा 16 समान विभाग मुक्रर केलेले असतात, वारा ज्या दिशेकडून येतो तिकडे पाकळी उमलते, तिची लांबी नोंदींचे प्रमाण सांगते आणि तिच्यातील रंग वेगाचे. अरूपाला रूप लाभते ते असे. परंतु हे रूप देणारे आपण असल्यामुळे आपल्या समजुतीचे दोषही त्यात नकळत उतरतात. 350 आणि 10 अंशांच्या दोन्ही नोंदी उत्तरेलगतच्या, पण त्यांची साधी सरासरी काढताच 180, म्हणजे थेट दक्षिण, हाती येते. कारण वर्तुळाला आपण सरळ रेषा मानलेले असते, आणि कोनांची ज्या व कोज्या घेऊन हिशेब केला तरच उत्तर पुन्हा उत्तरेला भेटते. याहून सूक्ष्म प्रमाद शून्याचा: हवामानखात्यांच्या संकेतात उत्तरेच्या वाऱ्याला 360 आणि निर्वात स्थितीला 0 लिहितात, आणि हा तपशील विसरल्यामुळे, पान हलत नव्हते अशा पहाटेच्या नोंदी मी एकदा उत्तरेच्या पाकळीत जमा केल्या होत्या.

जे जेथे नाही ते तेथे आहे असे मानणे, यालाच शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी अध्यास म्हटले आहे. रूप दिल्यावाचून आपले ज्ञान चालत नाही, हे खरे. तथापि त्या रूपातले वाऱ्याचे किती आणि आपले किती, हा विवेक राखणे आपल्या स्वाधीन आहे. ज्याला दिशाच नाही त्याच्यावर दिशा लादू नये, त्याची दफ्तरात वेगळी नोंद ठेवावी, म्हणून निर्वात प्रहरांचे प्रमाण मी आता पाकळ्यांबाहेर स्वतंत्र मांडतो. आणि एवढी साधी तजवीज करतानाही हात क्षणभर थांबतो, कारण सत्याविषयीचा आदर आधी अशा लहान नोंदींतच शिकावा लागतो.