मन ठरत नाही, हा प्रमाद आहे काय?



अप्रमाद हा शब्द आपल्या कानांवर वारंवार पडतो. पंचशील ग्रहण करताना पाचव्या शीलात आपण मद्याला प्रमादाचे ठिकाण म्हणतो. धम्मपदात अप्रमादावर एक सबंध वग्ग आहे. महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी भिक्खूंना जो अखेरचा उपदेश केला, त्यातही अप्रमादाचाच आग्रह होता. म्हणजे बेसावधपणा हा धम्माने लहानसहान दोष मानलेला नाही. मग ज्याचे मन बालपणापासून एका जागी ठरत नाही, ठरवूनही ठरत नाही, अशा माणसाला आपण काय म्हणावे? तो प्रमादी आहे काय? शील पाळू पाहणाऱ्या घरात त्याची जागा कोणती?

हा प्रश्न पुस्तकी नाही. आपल्या वस्तीत नजर फिरवून पाहा. पस्तिशीचा एखादा गृहस्थ असतो. बी.ए. झालेला, बुद्धीने कोठेही कमी नाही. पण वीजबिलाचे पैसे खिशात घेऊन महिनाभर फिरेल आणि भरणार नाही. जात पडताळणीचा अर्ज अर्धा भरून ट्रंकेत टाकील आणि शेवटची तारीख उलटली की रात्रभर तळमळेल. कामावर रोज वीस मिनिटे उशीर. दोन वर्षांत तीन नोकऱ्या. समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधी हा मध्येच बोलतो, रागाच्या भरात राजीनामा देतो, मोबाइलवरून हप्त्याने वस्तू घेतो आणि हप्त्याची तारीख विसरतो. तोच माणूस १४ एप्रिलच्या मिरवणुकीचा रथ रात्रभर जागून एकटा सजवितो. ते पाहून घरचे म्हणतात, “तिथे बरे लक्ष लागते! म्हणजे मनात आणले तर जमते याला.” आणि ही व्यक्ती स्त्री असेल, तर दूध उतू गेले, चावी हरवली, मुलाची लस चुकली या प्रत्येक गोष्टीसाठी तिला वेंधळी ठरविण्यात येते. तिच्याविषयी डॉक्टरांना विचारावे असे कोणाच्या मनातही येत नाही.

आळशी, बेफिकीर, कामचुकार! हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. गावगाड्याने आपल्या आजा-पणज्यांना दिवसभर राबवून घेतले आणि वर आळशी म्हटले. ज्या शब्दांनी आपण पिढ्यान्‌पिढ्या पोळलो, तेच शब्द आपल्या भावाला नाही तर सुनेला लावण्यापूर्वी ते खरे आहेत की नाहीत, हे निदान एकदा तपासायला नको काय? बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत, असे आपण घराघरांत सांगतो. ते प्रेरणा म्हणून सांगावे. ज्याचे लक्ष पुस्तकावर अठरा मिनिटे टिकत नाही, त्याच्या पाठीवर ओढायचा आसूड म्हणून सांगू नये.

वैद्यकशास्त्रात या अवस्थेला एडीएचडी म्हणतात. अवधानाची उणीव आणि अतिचंचलता, असा त्याचा सरळ अर्थ. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली अशा काही मुलांचे वर्णन आपल्या व्याख्यानांत केले. बुद्धी शाबूत असूनही या मुलांत ‘नैतिक नियंत्रणाची’ उणीव आहे, असे त्यांनी म्हटले. म्हणजे शास्त्रज्ञाच्या तोंडीसुद्धा पहिल्या प्रथम नीतीचीच भाषा आली. पुढे शास्त्र बदलले. १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत अवधानाची उणीव हेच या विकाराचे नाव झाले. मोठेपणी हा विकार आपोआप जातो, ही समजूतही पुढे टिकली नाही. अनेक देशांतील पाहण्यांवरून प्रौढांपैकी शंभरात सुमारे अडीच ते तीन जणांना तो असतो असे दिसते. लहानपणीची पळापळ मोठेपणी थांबते. आतली अस्वस्थता, विसर, दिरंगाई आणि उतावीळपणा मात्र राहतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा असल्याचे दिसले आहे. म्हणून पुष्कळ वेळा मुलाला डॉक्टरांकडे नेल्यावर बापालाच आपली ओळख पटते.

कारण कळले की दोन जुनी उत्तरे आपोआप गळून पडतात. एक उत्तर देवऋषीचे आणि अंगाऱ्याचे. ते बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराला शोभत नाही, यापेक्षा त्यावर अधिक लिहीत नाही. दुसरे उत्तर पूर्वजन्मीच्या कर्माचे. माणसाची आजची अवस्था मागील जन्माच्या कर्माने ठरते, हा सिद्धान्त बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात स्पष्टपणे नाकारला आहे. जो सिद्धान्त आपल्या अस्पृश्यतेचे समर्थन करण्यासाठी वापरला गेला, तोच एखाद्याच्या आजाराच्या समर्थनासाठी आपण पुन्हा घरात घ्यायचा काय?

येथपर्यंत बहुतेक वाचक सहमत होतील. अडचण पुढे आहे. दोष त्याचा नाही, हे ठरले. मग जबाबदारीही त्याची नाही काय? “मला आजार आहे” असे म्हणून त्याने बिल बायकोवर, कर्ज भावावर आणि राग मुलांवर टाकावा काय? माझे स्पष्ट मत असे की, नाही. हप्ता चुकला म्हणजे व्याज लागते, ते कोणाच्या मेंदूची रचना पाहून लागत नाही. ते व्याज ज्या घरातून जाते, त्या घरालाही दुःख आहे आणि त्या दुःखाचेही कारण आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी या विकाराविषयी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. या माणसांना काय करावे हे कळत नाही असे नसते. जे कळते ते नेमक्या वेळी, नेमक्या जागी हातून घडत नाही. आपण सकाळी चहाच्या वेळी उपदेश करतो आणि त्याचा उपयोग व्हायला हवा असतो संध्याकाळी बाजारात. तोपर्यंत उपदेश विरून गेलेला असतो. उपदेशाचा आवाज वाढविल्याने तो संध्याकाळपर्यंत पोचत नाही. म्हणून आठवण डोक्यात न ठेवता कामाच्या जागी ठेवावी लागते.

या ठिकाणी मला चूळपन्थकाची कथा आठवते. ती अट्ठकथेत आहे आणि आपल्या विहारांतून अधिक सांगितली जावी अशी आहे. महापन्थक आणि चूळपन्थक हे दोघे सख्खे भाऊ संघात होते. थोरल्याने धाकट्याला एक गाथा पाठ करायला दिली. चार महिने झाले, तरी ती एक गाथा त्याला पाठ होईना. पुढची ओळ घ्यावी तर मागची जाई. थोरल्याने कंटाळून त्याला विहारातून निघून जायला सांगितले. राजगृहाचा प्रसिद्ध वैद्य जीवक याच्याकडे संघाला भोजनाचे निमंत्रण होते, त्यातूनही त्याला वगळले. धाकटा रडत निघाला असता तथागतांनी त्याला पाहिले. “अजून प्रयत्न कर” असे ते म्हणाले नाहीत, आणखी सोपी गाथाही दिली नाही. त्यांनी त्याच्या हाती एक स्वच्छ पांढरे फडके दिले आणि मळ निघून जातो या अर्थाचा एकच शब्द उच्चारीत ते चोळीत बसायला सांगितले. हात चालत राहिला, फडके मळत गेले आणि त्या मळणाऱ्या फडक्याकडे पाहता पाहता, जे चार महिन्यांच्या पाठांतराने कळले नव्हते ते त्याला कळले. इकडे जीवकाच्या घरी दान स्वीकारण्याच्या वेळी तथागतांनी पात्रावर हात ठेवला आणि विहारात मागे राहिलेल्या भिक्खूला बोलावून आणविले.

अट्ठकथाकारांनी चूळपन्थकाच्या मंदपणालाही पूर्वजन्मीचे कारण चिकटविले आहे आणि कथेत पुढे चमत्कारही घातले आहेत. ते आपण बाजूला ठेवू. त्याला एडीएचडी होता असेही माझे म्हणणे नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचे निदान करणे हा पोरखेळ होईल. पण शिकविणाऱ्याने काय केले ते पाहा. मी शाळेत शिकवितो. चार महिन्यांत एक कविता पाठ न झालेल्या मुलाला फडके देणारा शिक्षक मी फार थोड्या वेळा पाहिला आहे. महापन्थक मात्र प्रत्येक शाळेत असतात.

प्रौढांसाठी हे फडके कोणते? न्यूयॉर्कमध्ये मेरी सोलान्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८८ प्रौढांवर केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. एका गटाला बारा आठवडे वेळेचे आणि कामाचे नियोजन शिकविले, दुसऱ्या गटाला केवळ आधाराचे बोलणे मिळाले. शिकलेल्या गटात सुधारणा अधिक झाली. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये स्टीव्हन सॅफ्रेन यांनी, औषध घेऊनही त्रास उरलेल्या ८६ प्रौढांबाबत असाच निष्कर्ष काढला. त्यांनी जे शिकविले त्यात गूढ काहीच नाही. वही, दिनदर्शिका, कामाचे तुकडे पाडणे, लक्ष उडविणाऱ्या गोष्टी दूर ठेवणे, आणि “मला हे जमणारच नाही” या मनात उठणाऱ्या विचाराची तपासणी.

आपल्या घरांत हे असे करता येईल. एकच वही ठेवावी. तीन वह्या म्हणजे एकही नाही. बिल कपाटात न ठेवता दाराच्या कडीला अडकवावे. चावीला एक खिळा, आणि चावी हातातून सुटेल ती त्या खिळ्यावरच. घड्याळ डोळ्यांसमोर हवे, कारण या माणसांना गेलेल्या वेळेचा अंदाज येत नाही. मोबाइलचा गजर लावावा, पण तो वाजला की उठल्याशिवाय बंद करता येऊ नये इतका दूर ठेवावा. आणि मोठे काम मोठे म्हणून लिहू नये. ‘जात पडताळणी’ हे एक काम नाही. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधणे हे एक काम, आजोबांच्या शाळेत जाऊन दाखला मागणे हे दुसरे, शपथपत्र तिसरे, छायाप्रती चौथे. आज फक्त शाळेत जायचे. उद्याचे उद्या. पगार झाला की हप्ता आणि भाडे त्याच दिवशी वेगळे निघावे, त्यासाठी दुसरे खाते काढावे. रोज घाम येईपर्यंत चालणे आणि ठरल्या वेळी झोपणे याला पैसा लागत नाही आणि दोन्हींचा उपयोग होतो.

ध्यानाविषयी आपल्यात दोन टोके आहेत. कोणी म्हणतो ध्यानाने सर्व बरे होईल, कोणी त्याला पळवाट म्हणतो. स्मृतीच्या अभ्यासाचा प्रौढांना काही प्रमाणात लाभ होतो असे अलीकडचे अभ्यास सांगतात. तो उपचाराची जागा घेत नाही. ज्याला पाच मिनिटे बसवत नाही, त्याला तासभर डोळे मिटून बसविणे ही शिक्षा होय. त्याच्यासाठी चंक्रमण आहे. चालता चालता पावलाकडे लक्ष, लक्ष गेले की परत पावलाकडे. लक्ष जाणे ही चूक नाही, परत आणणे हाच अभ्यास. सोण नावाच्या भिक्खूने चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ करून घेतले, तेव्हा तथागतांनी त्याला वीणेच्या तारांचे उदाहरण दिले. तार फार ताणली तरी सूर लागत नाही, सैल सोडली तरी लागत नाही. आठ दिवस कडक वेळापत्रक आणि नवव्या दिवशी सर्व सोडून देणे, हा या माणसांचा नेहमीचा अनुभव आहे. त्यांनी सोणाची गोष्ट लक्षात ठेवावी.

दुसरा माणूस शेजारी नुसता बसला तरी काम होते, असे पुष्कळजण सांगतात. अर्ज भरताना मित्राने समोर बसून आपले वर्तमानपत्र वाचावे, एवढेच. कल्याणमित्राचे महत्त्व तथागतांनी आनंदाला सांगितले होते, ते किती व्यवहाराचे आहे पाहा. मात्र कल्याणमित्र आणि पहारेकरी यांत फरक आहे. आणि बहुतेक घरांत ही पहाऱ्याची नोकरी बायकोवर बिनपगारी लादली जाते. नवऱ्याची औषधे, तारखा, चाव्या, हिशेब सर्व तिच्या डोक्यात. हे मला मान्य नाही. वही त्याने लिहायची, गजर त्याने लावायचा. तिने आठवड्यातून एकदा सोबत बसून पाहायचे. विसरलेल्या कामाची भरपाई त्याने करायची, आणि तिने त्याला वेंधळा म्हणायचे नाही. मन भटकते हा प्रमाद नव्हे. ते भटकते हे कळल्यावरही खिळा ठोकायचा नाही, हा मात्र प्रमाद आहे. आणि कारण कळल्यावरही टोमणे चालू ठेवणाऱ्या घरच्यांचाही तो प्रमाद आहे.

हे सर्व औषधापलीकडचे झाले. औषधाविरुद्धचे नव्हे. थोड्या काळात लक्षणे कमी करण्यात औषधांचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. विनयात भेसज्जाचा एक स्वतंत्र खंधक आहे, तथागतांनी जीवकाकडून उपचार घेतले, बाबासाहेबांनी मधुमेहावर घेतले. गोळी घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे. मेथिलफेनिडेट हे औषध चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि लहान गावांतील दुकानांत बहुधा नसतेही. चालू असलेले औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. दारूने मन शांत होते असे सांगणारे भेटतील. या विकारात व्यसन जडण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, तेव्हा पाचवे शील येथे दुप्पट उपयोगाचे आहे.

प्रत्येक विसराळू माणसाला हा विकार असतो असे मात्र समजू नका. रात्रपाळी, कर्ज, दुःख, नैराश्य, थायरॉइड यांनीही लक्ष उडते. म्हणून निदान मनोविकारतज्ज्ञाकडूनच करून घ्यावे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी, किंवा २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा, तो निःशुल्क आहे. डॉक्टर पहिल्यांदा विचारतील, बारा वर्षांच्या आत ही लक्षणे होती काय? त्यासाठी लहानपण आठवणारे कोणीतरी, आई, आत्या, थोरली बहीण, सोबत न्यावे. आणि ट्रंकेत शाळेची जुनी प्रगतिपुस्तके असतील तर तीही न्यावीत. ‘वर्गात लक्ष नसते’, ‘हुशार आहे पण चंचल’, ‘वस्तू हरवतो’ असे शेरे आम्ही शिक्षक लाल शाईने लिहून ठेवतो. डॉक्टर ते शेरे वाचतील.