झोका थांबतो तिथे

दिवा मालवा. पंखा एकवर आणा.

खुर्ची पलंगाशी ओढून घ्या आणि नुसतं बसा.

आपलं माणूस झोपलंय. त्याचा श्वास ऐका. तुमचाही चालू आहे. चालू दे, त्याला वळण लावू नका.

चादर वर येते. खाली जाते. वर. खाली.

आणि थांबते.

पाहत राहा. दहा सेकंद झाले की डॉक्टरांच्या हिशेबात ॲप्नियाची, म्हणजे श्वास थांबल्याची, नोंद होते. उशाशी बसलेल्याच्या हिशेबात ती केव्हाच झालेली असते.

आता पोटाकडे पाहा.

कधी पोट आणि छाती झगडताना दिसतात. एक वर, एक आत. गळ्यातली वाट मिटलेली असते. मग जोराचा घुर्रर् आवाज होतो आणि माणूस कूस बदलतो.

कधी काहीच झगडत नाही. चादरीवरची घडीसुद्धा हलत नाही. गळ्यात अडथळा नाही. मेंदूकडून सांगावाच आलेला नाही.

या दुसऱ्या थांब्यापाशी थोडं राहू या.

डोळ्यांसमोर एक झोपाळा आणा. लाकडी फळी, पितळी कड्या, भर दुपारचं घर. कडी अडकली तर झोपाळा थांबतो. जमिनीवर पायाचा रेटा पडला नाही, तरी थांबतो. दुरून दोन्ही थांबे सारखेच दिसतात.

ऐका.

१८१८ साली डब्लिनच्या जॉन चेन या डॉक्टरांनी एका रुग्णाचा श्वास असाच ऐकला. पाव मिनिट काही नाही. मग अगदी हळू सुरुवात, मग भरतं, मग धाप, मग पुन्हा ओसरत शांत. पुढे तिथल्याच विल्यम स्टोक्सचं नाव त्यांच्या नावाला जोडलं गेलं. आजही थकलेल्या हृदयाच्या माणसांत हा झोका दिसतो.

रेटा का पडत नाही?

श्वास सोडा. सावकाश. संपला की लगेच घेऊ नका, वाट पाहा. थोड्या वेळाने आतून कुणीतरी हाक देतं. ती हाक बरीचशी रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची असते. झोपेत तो जरा जास्त निघून गेला, की हाक येत नाही. साठला, की येते. हृदय मंद असेल तर ही खबर मेंदूपर्यंत उशिरा पोचते, आणि झोका आणखी मोठा होतो.

पुन्हा श्वास घ्या.

आता उशीवरून मास्कपर्यंत गेलेली मशीनची नळी पाहा. मास्कच्या कडेने बारीक सुस्कारा येतोय.

१९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा सतत दाब देऊन गळ्याची वाट उघडी ठेवली. ते सीपॅप. ते कडी मोकळी करतं. झोका देणं त्याचं काम नाही.

म्हणून कधी असं होतं: सीपॅप लागतं, घोरणं जातं, घर सुटकेचा श्वास टाकतं, आणि त्या शांततेत दुसरेच थांबे वर येतात. याला कॉम्प्लेक्स ॲप्निया म्हणतात. पुष्कळांत तो काही आठवड्यांत, महिन्यांत आपोआप विरतो. मशीन बिघडलं असं समजून ते लगेच काढून ठेवू नका.

थांबा. ऐका.

ठरावीक वेळाने श्वास देणारं बायपॅप म्हणजे घड्याळ पाहून झोका देणारा हात. पाय उठत नाही तिथे तो उपयोगी. पण हात जोराचा पडला, तर कार्बन डायऑक्साइड आणखी घटतो आणि पाय आणखीच आळसावतो.

एएसव्ही नावाच्या तिसऱ्या मशीनचा हात पाठीवर नुसता टेकलेला असतो. श्वास ओसरला की तो भर देतो. श्वास भरला की मागे येतो. मला या यंत्राचं फार अप्रूप होतं. इतकं समजूतदार मशीन चुकेल कसं, असं वाटायचं.

२०१५ मध्ये १,३२५ हृदयरुग्णांचा अभ्यास आला. हृदयाचं पंपिंग ४५ टक्के किंवा त्याहून कमी, आणि थांबे मुख्यतः मेंदूकडचे, अशी ही माणसं. एएसव्हीने श्वास सुरेख लागला. पण हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढले. पुढे दुसऱ्या बनावटीच्या एएसव्हीच्या अभ्यासात अशी इजा दिसली नाही. आयुष्य वाढल्याचंही दिसलं नाही.

या ओळीपाशी थोडं बसा.

चादर पुन्हा वर येते आहे. बघा, आली.

थांबा कोणता, कडीचा की पायाचा, हे पोट पाहून तुम्हाला अंदाजाने कळेल. नक्की कळतं ते रात्रभराच्या झोपेच्या तपासणीत. मशीन त्यानंतर.

आणि एएसव्हीचं नाव निघालं, तर डॉक्टरांकडे जाताना हृदयाचं पंपिंग सांगणारा इकोचा ताजा रिपोर्ट सोबत ठेवा.