मांजरीचा दुसरा हक्क

पोटभर जेवणाऱ्या आणि गादीवर झोपणाऱ्या मांजरीवरही अन्याय होत असू शकतो काय? प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु मुंब्रा, मीरा रोड, कोंढवा अशा ठिकाणी आपली अनेक कुटुंबे उंच इमारतींत राहायला गेली आणि त्यांच्याबरोबर मांजरही पाचव्या-सातव्या मजल्यावर गेली. अंगण, कौले, मासळीवालीची पाटी हे तिचे जग दाराबाहेर राहिले. म्हणून हा विचार आता करायला हवा.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील एक हदीस घरोघरी ठाऊक आहे. एका बाईने मांजर कोंडून ठेवली, ती मेली आणि त्यापायी ती बाई शिक्षेस पात्र ठरली. मुलांना आपण यातून ‘मुक्या जनावराला उपाशी ठेवू नये’ एवढाच धडा देतो. पण त्या बाईवरचे आरोप दोन आहेत. तिने मांजरीला खाऊ-पिऊ घातले नाही, हा पहिला. जमिनीवरचे किडेमकोडे शोधून खाण्यासाठी तिला मोकळेही सोडले नाही, हा दुसरा. म्हणजे स्वतःचे अन्न स्वतः मिळवण्याचा मांजरीचा हक्क येथे मानलेला आहे. हजरत अबू कतादा यांच्या हदीसमध्ये तर मांजरींची ओळखच माणसाभोवती वावरणाऱ्या, फिरणाऱ्या अशी येते.

खाण्यापिण्याची हेळसांड होत नसेल तर मांजर घरात ठेवणे जायज आहे, असे भाष्यकार सांगतात. शहरात ते शहाणपणाचेही आहे. रस्त्यावर वाहने आहेत, कुत्री आहेत, मारामारीतून जडणारे रोग आहेत. शिवाय मोकळी मांजर पाखरे मारते. मात्र सुरक्षिततेच्या नावाने दुसऱ्याचे दार बंद करण्याची सवय माणसाने माणसांच्या बाबतीतही लावून घेतली आहे. म्हणून हा शब्द जपून वापरावा. दार लावणाऱ्याची जबाबदारी कडी घातल्यावर सुरू होते.

मांजर मुळात शिकारी प्राणी. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीच्या दफनात माणसाशेजारी पुरलेली मांजर सापडली आहे. इतक्या जुन्या सहवासानंतरही तिची वृत्ती बदललेली नाही. ती दिवसातून अनेकदा थोडे थोडे खाते. पहाटे आणि तिन्हीसांजेला अधिक चपळ असते. दबा धरणे, झडप घालणे, पकडणे, खाणे, अंग चाटणे आणि झोपणे हा तिचा क्रम. भरलेली वाटी पुढे ठेवल्याने भूक भागते, दबा धरण्याची ओढ भागत नाही. मग ती सोफा ओरबाडते, पायांवर झडप घालते, केस जाईपर्यंत अंग चाटते किंवा नुसती खाऊन लठ्ठ होते. आपण तिला खोडकर अथवा आळशी ठरवून मोकळे होतो.

आपल्या देशातील 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडणे आणि अन्न, पाणी, निवारा न देणे यांस गुन्हा मानतो. कंटाळ्याविषयी तो काही म्हणत नाही. तेथे आपल्या विवेकालाच काम करावे लागते.

‘माणसे उपाशी असताना मांजरीचे हे लाड कशाला?’ असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. पण येथे पैशाचा प्रश्न फारसा नाहीच. लपायला पुठ्ठ्याचा खोका, नखे घासायला सुतळी गुंडाळलेला न हलणारा खांब, चढून बसायला कपाटाचा माथा आणि बाहेर पाहायला मजबूत जाळीची खिडकी एवढे पुरते. खाण्यातले काही दाणे भोके पाडलेल्या डब्यात घालावेत. ते काढताना तिला डोके चालवावे लागते. दोरीला कागदाचा बोळा बांधून सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे खेळवावे आणि शेवटी तिला तो पकडू द्यावा. भिंतीवर नाचणारा प्रकाशाचा ठिपका कधीच हाती लागत नाही. त्याने ती चिडचिडी होते. खेळून झाल्यावर दोरी उचलून ठेवावी, कारण गिळलेला दोरा आतड्यात अडकून जीव जाऊ शकतो. आणि तिला एकटे बसायचे असेल तेव्हा बसू द्यावे.

यात खर्च होतो तो आपल्या वेळेचा. तोच द्यायला आपण सर्वांत कंजूष असतो. ज्याच्याकडे दिवसातली ही वीस मिनिटेही नाहीत, त्याने मांजर आणण्यापूर्वी पुन्हा विचार करावा. हदीसमधल्या त्या बाईच्या पहिल्या गुन्ह्यातून आपण दुधाच्या वाटीने सुटतो. दुसऱ्याचा हिशेब मात्र रोज द्यावा लागतो.