वायर एक, कॉम्प्युटर दोन


आजचं चिंतन: गीता 3.13. जो फक्त स्वतःपुरतं शिजवतो तो पापच खातो, असं भगवंत सांगतात.

घरात नेटची वायर एक, कॉम्प्युटर दोन. वायर पहिल्याला लावायची, त्याच्या दुसऱ्या पोर्टमधून केबल दुसऱ्याला द्यायची, विंडोजमध्ये शेअरिंग चालू करायचं. झालं! पण पहिला स्लीपमध्ये गेला, की दुसऱ्याचं नेट बंद.

आपल्याला मिळालेलं ज्ञान, पैसा, वेळ यांचंही तसंच. उगम आपण नाही. आपल्यातून ते पुढे जायचं असतं. दोघं एकदम डाउनलोडला बसले तर आपला वेग कमी होणारच. तेवढं आनंदाने सोसणं, हाच यज्ञ.

आज स्वतःला विचारूया: माझ्या आधाराने कोण जोडलंय? त्याच्यासाठी मी जागा आहे ना?