आधी चाल, मग अर्थ

गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. चेक-इन, टेक-ऑफ, पिक-अप या शब्दांचा अर्थ पेडण्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पण तिथल्याच नोकरीच्या मुलाखतीत साहेब 'पुट ऑफ' किंवा 'पुट अप विथ' म्हणाला, की इंग्रजीत चांगले गुण मिळवलेला मुलगाही गडबडतो. पुढे ढकलणे म्हणजे 'पोस्टपोन', सहन करणे म्हणजे 'टॉलरेट' हे त्याला पाठ असतं. आपल्या शाळांनी शिकवलं ते अर्जात शोभणारं, लॅटिन वळणाचं इंग्रजी. इंग्रज माणूस घरात बोलतो ते मात्र पुट, गेट, टेक, गिव्ह असल्या चिमुकल्या क्रियापदांना अप, ऑफ, आउट जोडून. गाणीही बहुधा याच इंग्रजीत असतात. सुरात बसायला आखूड शब्द बरे.

तेव्हा ही जोड-क्रियापदं गाण्यांतून शिकवावीत असं कुणी सुचवलं, की जुन्या वळणाचे मास्तर नाक मुरडतात. मला त्याची गंमत वाटते. पेडणे आणि डिचोली या तालुक्यांनी एक अख्खी भाषा गाऊनच तर आपलीशी केली. ती भाषा म्हणजे मराठी. घरातलं बोलणं कोकणी. मराठी आली ती भजनातून, गणपतीच्या आरत्यांतून, दशावतारातून, देवळापुढच्या नाटकांतून. (हे म्हटलं की कोकणीवाले आणि मराठीवाले दोघेही रागावतात, रागावोत बापडे.) पोर्तुगीज या भागात आले ते १७८१ ते १७८८ च्या दरम्यान, बार्देश-सासष्टीनंतर जवळजवळ अडीच शतकांनी. त्यामुळे इथलं गाणं-बजावणं पुष्कळसं शाबूत राहिलं. गोवा पोर्तुगीजांपासून मुक्त झाल्यावर मुख्यमंत्री बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या, तेव्हा पहिलीत बसलेल्या पोराला अक्षरओळख नसली तरी मराठीची लय त्याच्या कानात मुरलेली होती. आरतीतल्या निम्म्या शब्दांचा अर्थ त्याला येत नसे. पण कुठे थांबायचं, कुठला शब्द कुणाचा हात धरून येतो, हे चुकत नसे.

इंग्रजी जोड-क्रियापदांची अडचण नेमकी इथेच आहे. 'टर्न इट ऑफ' बरोबर, 'टर्न ऑफ इट' चूक. पुस्तक नियम सांगतं, की अशा क्रियापदांचं कर्म सर्वनाम असेल तर ते मध्ये घालावं. नियम खरा, पण तो आठवतो वाक्य तोंडातून निसटून गेल्यावर. अशा क्रियापदात जोर पडतो तो शेवटच्या 'ऑफ'वर आणि 'इट' हलकेच गिळलं जातं. गाण्यात ठोका सहसा तिथेच येतो. ज्याने ते चालीवर दहादा म्हटलं, त्याच्या तोंडी उलटा क्रम येणारच नाही, ताल मोडेल.

गाणं चूकही शिकवतं. १९८५ साली जगभर गाजलेलं 'टेक ऑन मी' हे आ-हा नावाच्या नॉर्वेतल्या बँडचं. रूढ इंग्रजीत ते 'टेक मी ऑन' असायला हवं. ज्या नियमासाठी गाणं लावायचं तोच तिथे मोडलेला! दुसरीकडे, रिक अ‍ॅस्टलीच्या १९८७ च्या 'नेव्हर गॉना गिव्ह यू अप'मधला क्रम चोख. पण 'गिव्ह अप' म्हणजे हार मानणे एवढंच ठाऊक असलेल्या मुलाला तिथला 'तुला सोडणार नाही' हा अर्थ गाणं आपणहून सांगत नाही. तो सांगायला समोर माणूस लागतो.

शेजारच्या बार्देश तालुक्यात अशी माणसं होती. चर्चच्या शाळांतून नोटेशन शिकवलं जाई, आणि शापोरा नदीपलीकडच्या शिवोलीचा रेमो फर्नांडिस ऐंशीच्या दशकात इंग्रजीत गोव्याचीच गाणी गात होता. नदीच्या अलीकडे पेडण्यात इंग्रजी गाणं खऱ्या अर्थाने वाजू लागलं ते हरमल-मोरजीच्या शॅकमध्ये. तिथे काम करणारी पोरं व्याकरणाचं पुस्तक न उघडता इंग्रजी बोलायला लागली, काही तर रशियनही. शब्द स्पीकरवरून येत होते, आणि ते वापरायला भाग पाडणारं गिऱ्हाईक टेबलापाशी बसलेलं होतं. आज कानात बोंडं घालून एकट्याने तेच गाणं ऐकणाऱ्या मुलाला हे दुसरं मिळत नाही. आरती कुणी एकट्याने कानात ऐकून शिकलं नव्हतं.

दशावताराकडून शाळेने घ्यावं ते हेच. त्यात गाणं असतं, पण संवाद लिहून दिलेले नसतात; कथानक ठरलेलं, बोलणं आयत्या वेळचं. वर्गातही आधी गाणं म्हणून घ्यावं, मग एकाला प्रवासी करावं, दुसऱ्याला टॅक्सीवाला, आणि गाण्यातलंच क्रियापद भाड्याच्या घासाघिशीत वापरायला लावावं. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्यावर डिचोलीतल्या ज्या ट्रकवाल्यांना दुसरा धंदा शोधावा लागला, त्यांनाही हा वर्ग चालेल. गॅरेजसमोर उभ्या उभ्या भरवला तरी हरकत नाही.